आइसलँडमधील हिवाळी ग्रंथवाचन : घर, दिवा आणि ग्रंथ

एखाद्या समाजाच्या वाचनाचा इतिहास लिहिताना इतिहासकाराची दृष्टी सामान्यतः मुद्रणालये, ग्रंथालये आणि शाळा यांच्याकडे वळते. ग्रंथ किती छापले गेले, ते कोणी विकत घेतले, शाळांतून किती मुले शिकली, या प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांत सापडतात आणि त्यावरून त्या समाजाच्या साक्षरतेचा अंदाज बांधता येतो. परंतु ज्या देशात एकही नगर नव्हते, प्राथमिक शाळा जवळजवळ नव्हत्या आणि मुद्रणालय दीर्घकाळ धर्मपीठाच्या ताब्यात होते, त्या देशात सामान्य शेतकऱ्याच्या घरी शतकानुशतके ग्रंथवाचन चालू राहिले असेल, तर त्याचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो. आइसलँड हा असा देश होय. तेथील हिवाळ्याच्या दीर्घ रात्री घरातील सर्व मंडळी एका खोलीत, एका दिव्याभोवती जमून हातांनी लोकरीचे काम करीत आणि एक जण मोठ्याने ग्रंथ वाची. या प्रथेस आइसलँडी भाषेत ‘क्वोल्दवाका’ म्हणजे ‘सायंकाळचे जागरण’ असे नाव आहे. ही प्रथा कोणत्या परिस्थितीतून निर्माण झाली, तिच्यावर कोणाकोणाचा अधिकार चालला आणि ती का लोपली, याचा विचार पुढे केला आहे.

१. भूमी, ऋतू आणि घर

उत्तर अटलांटिक महासागरातील या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर आहे. तथापि त्याचा अंतर्भाग हिमनद्या, लाव्हारसाची पठारे आणि ओसाड वाळवंटे यांनी व्यापलेला असल्यामुळे वस्ती प्रायः किनाऱ्यालगत आणि खोऱ्यांतूनच आढळते. १७०३ मध्ये तेथे झालेल्या शिरगणतीत प्रत्येक रहिवाशाचे नाव नोंदले गेले व एकूण संख्या ५०,३५८ भरली. संपूर्ण राष्ट्राची नावनिशीवार शिरगणती इतक्या लवकर झाल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल. हे अर्धा लक्ष लोक गावांत राहत नसत. एकेक शेतवाडी दुसरीपासून दूर, मधे नदी वा दलदल, अशी त्यांची वस्ती होती. रेक्याविकला व्यापारी नगराचा दर्जा मिळाला तो १७८६ मध्ये, आणि तेव्हाही ते एक लहानसे खेडेच होते.

मकरसंक्रमणाच्या सुमारास रेक्याविक येथे सूर्य सुमारे चारच तास क्षितिजावर असतो. उत्तरेकडे त्याहूनही कमी. आइसलँडी पंचांगात वर्षाचे दोनच मुख्य भाग आहेत : हिवाळा आणि उन्हाळा. ऑक्टोबरच्या अखेरीस येणारा ‘हिवाळ्याचा पहिला दिवस’ आणि एप्रिलच्या उत्तरार्धात येणारा ‘उन्हाळ्याचा पहिला दिवस’ हे दोन्ही तेथे आजही पाळले जातात. उन्हाळ्यात गवत कापून साठविणे हे सर्वांत निकडीचे काम असे, कारण त्यावरच गुरे-मेंढरे हिवाळा काढीत. हिवाळा लागला की शेतावरचे काम गुरांची निगा राखण्यापुरते उरे आणि माणसे घरात अडकून पडत.

या घराची रचना समजल्याखेरीज तेथील वाचनाची कल्पना येणार नाही. घरे गवताच्या ढेकळांची व दगडांची असत. वसाहतीच्या प्रारंभीच्या शतकांत बेटावर असलेली भूर्जवृक्षांची रानेही तोडीमुळे आणि मेंढरांच्या चराईमुळे पुढे नष्ट झाली. जळण म्हणून वाळलेले शेण आणि जमिनीतून काढलेला पीटचा चुरा एवढेच हाती राहिले, व ते स्वयंपाकालाच जेमतेम पुरे. परिणामी घरातील राहती खोली शेकोटीने उबदार ठेवण्याची चैन परवडेनाशी झाली. या खोलीचे नाव ‘बादस्तोवा’. शब्दशः अर्थ ‘स्नानगृह’ असा होतो. एके काळी वाफेच्या स्नानासाठी वापरली जाणारी तापविलेली खोली पुढे कुटुंबाची बसण्या-झोपण्याची जागा झाली आणि तापविणे बंद पडल्यावरही नाव तेच राहिले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील बादस्तोवा म्हणजे लांबट, बुटकी खोली. दोन्ही भिंतींना लागून खाटांच्या रांगा. एकेका खाटेवर दोघे जण निजत आणि दिवसा त्याच खाटेवर बसून काम करीत व आपल्या झाकणाच्या लाकडी वाडग्यातून जेवीत. खोलीस ऊब असे ती माणसांच्या अंगाची. काही ठिकाणी ही खोली गोठ्याच्या वर बांधीत, म्हणजे गुरांच्या उबेचाही लाभ होई.

२. दिवा आणि लोकर

अशा खोलीत धनी, धनीण, मुले, म्हातारीकोतारी, गडी, मोलकरणी आणि अनेकदा धर्मादायावर पोसलेली अनाथ वा निराधार माणसे एकत्र राहत. म्हणून ‘कुटुंब’ हा शब्द येथे रक्ताच्या नात्यापुरता घेऊन चालत नाही. एका छपराखाली एकाच धन्याच्या हाताखाली नांदणारा तो सारा गोतावळा होता.

दिवसाचा उजेड मावळला की लगेच दिवा लावीत नसत. दिव्यात जळे ते शार्क वा कॉड माशाच्या यकृताचे तेल, आणि वात असे दलदलीत उगवणाऱ्या कापूसगवताची. तेल मोलाचे असल्यामुळे संधिप्रकाशाचा काळ अंधारातच काढीत. या वेळी काही जण डुलकी घेत, काही जण मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगत, पाठ असलेल्या कविता म्हणत. योन आर्नासॉन याने संकलित केलेला लोककथांचा मोठा संग्रह १८६२ ते १८६४ या काळात लायप्झिग येथे प्रसिद्ध झाला. त्यातील कथांचे वातावरण या अंधाऱ्या घटकांशी निगडित आहे. मग दिवा लागे आणि क्वोल्दवाका सुरू होई. अंधारात तोंडची कथा व उजेडात ग्रंथातील कथा, असा हा विभाग तेलाच्या किमतीने पाडलेला होता.

दिवा लागताच प्रत्येकाच्या हाती काम येई. लोकर पिंजणे, विंचरणे, कातणे, विणणे, विणलेले कापड मळून घट्ट करणे, घोड्याच्या केसांचे दोर वळणे, लाकडावर कोरीव काम करणे, ही कामे वयानुसार आणि शक्तीनुसार वाटलेली असत. सोळाव्या शतकात विणकामाच्या सुयांचा प्रसार झाल्यानंतर लोकरी मोजे आणि हातमोजे हा निर्यातीचा एक प्रमुख जिन्नस बनला. १६०२ पासून १७८७ पर्यंत आइसलँडचा व्यापार डॅनिश मक्तेदारीखाली होता आणि या मालाच्या बदल्यात शेतकऱ्यास धान्य, लोखंड, इमारती लाकूड इत्यादी वस्तू मिळत. म्हणजे हिवाळ्याची संध्याकाळ हा विश्रांतीचा काळ नसून घराच्या उत्पन्नाचा एक मुख्य काळ होता.

येथेच वाचनाचे एक व्यावहारिक कारण दिसून येते. काम हातांचे आणि एकसुरी. डोळ्यांना त्यात फारसे लक्ष घालावे लागत नसे, कान तर पूर्ण मोकळे. दिवा एकच असल्यामुळे दिव्याजवळ बसून वाचू शकणारा माणूसही एकच. म्हणून एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी हात चालवीत ऐकावे, ही व्यवस्था आपोआप ठरली. वाचणाऱ्यास त्या वेळेपुरती कामातून सूट मिळे. धन्याच्या दृष्टीने हा तोटा नव्हता, कारण एकाच्या वाचनाने दहा जण जागे राहत आणि रात्री उशिरापर्यंत काम करीत.

३. काय वाचीत असत

वाचनाचे ग्रंथ स्थूलमानाने तीन प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार गद्य ‘सागा’ ग्रंथांचा. त्यांत दहाव्या-अकराव्या शतकांतील आइसलँडी घराण्यांची वैरे व खटले वर्णिणाऱ्या कथा, प्राचीन नॉर्डिक वीरांच्या अद्भुतरम्य कथा आणि दक्षिण युरोपातून आलेल्या सरदारी प्रेमकथा यांचा समावेश होतो. दुसरा प्रकार ‘रीमुर’ नामक पद्यकथांचा. बहुधा चार चरणांचे कडवे, अनुप्रासाचे व यमकाचे कडक नियम आणि रूपकात्मक संज्ञांची रेलचेल ही त्यांची लक्षणे होत. त्यांचे मूळ चौदाव्या शतकापर्यंत मागे जाते. या रचना साध्या वाचीत नसत. विशिष्ट चालींवर त्या म्हटल्या जात. ओवीबद्ध पोथी चालीवर वाचलेली ज्याने ऐकली आहे, त्यास या पठणाची काहीशी कल्पना येऊ शकेल. तिसरा प्रकार धर्मग्रंथांचा. बिशप गुद्ब्रांदुर थोर्लाक्सॉन याने १५८४ मध्ये होलार येथे संपूर्ण बायबल आइसलँडी भाषेत छापले, परंतु ते सामान्य घरास परवडणारे नव्हते. घरोघर पोहोचले ते दोन ग्रंथ : हाल्ग्रीमुर पेतुर्सॉन (१६१४–१६७४) याची १६६६ मध्ये प्रथम छापलेली ख्रिस्ताच्या दुःखभोगाची ५० स्तोत्रे, आणि बिशप योन वीदालीन (१६६६–१७२०) याचा १७१८ ते १७२० या काळात होलार येथे छापलेला प्रवचनसंग्रह. स्तोत्रे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात रोज एक या क्रमाने म्हटली जात. प्रवचने त्या त्या रविवारी व सणाला घरचा धनी वाची. या घरगुती उपासनेस ‘हूसलेस्तुर’ म्हणजे गृहवाचन असे नाव होते.

या प्रथेचे एक प्रत्यक्षदर्शी वर्णन स्कॉटिश धर्मोपदेशक एबनेझर हेंडरसन याने केले आहे. बायबलच्या प्रतींचे वाटप करण्यासाठी तो आइसलँडमध्ये आला होता व १८१४-१५ चा हिवाळा त्याने तेथेच काढला. १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात असे सांगितले आहे की, दुपारी तीन-चारच्या सुमारास दिवा टांगला जातो, सर्व मंडळी आपापली कामे घेऊन खाटांवर बसतात आणि वाचक दिव्याजवळ बसून एखादी सागा वाचू लागतो. मधूनमधून घरचा धनी किंवा दुसरा कोणी जाणता माणूस वाचन थांबवून मजकुरावर काही बोलतो, मुलांना व नोकरांना प्रश्न विचारतो. काही घरांत सागा पाठ म्हटल्या जातात. आणि हिवाळ्यात वाड्यावाड्यांवर फिरून कथा सांगून उदरनिर्वाह करणारेही काही लोक आहेत. काम मध्यरात्रीच्या सुमारास संपले म्हणजे शेवटी स्तोत्र म्हणून धर्मग्रंथाचा भाग वाचला जातो.

हेंडरसनचे वर्णन सहानुभूतीचे आहे आणि त्यामुळेच ते जपून वापरले पाहिजे. तो पाहुणा होता, आणि पाहुण्यास सहसा सुस्थित घरेच दिसतात. शिवाय दक्षिण व पश्चिम किनाऱ्यावरील पुष्कळ पुरुष हिवाळ्याच्या उत्तरार्धात मासेमारीच्या हंगामासाठी घर सोडून समुद्रकाठच्या झोपड्यांत राहावयास जात. मागे बायका, मुले आणि वृद्ध उरत. तेव्हा प्रत्येक घरी, प्रत्येक रात्री सर्व मंडळी जमून वाचन चाले असे मानणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु वाचन, पठण आणि मध्ये होणारी चर्चा ही तिन्ही अंगे इतर लेखांतून व आठवणींतूनही पुन्हा पुन्हा दिसतात. योनास योनासॉन (१८५६–१९१८) याचा आइसलँडी लोकजीवनावरील ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. माग्नुस गीस्लासॉन याने १९७७ मध्ये उप्साला येथे सादर केलेला प्रबंध खास याच विषयावर आहे. या दोघांच्या वर्णनांवरून प्रथेचा सर्वसाधारण आकार निश्चित होतो.

४. धर्मपीठाचा विरोध आणि त्याचे फळ

एकाच दिव्याखाली सागा आणि स्तोत्र ही दोन्ही वाचली जात असली, तरी धर्माधिकाऱ्यांना हे सहवास्तव्य मान्य नव्हते. १५८९ च्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत गुद्ब्रांदुर थोर्लाक्सॉन याने रीमुर आणि तत्सम लौकिक काव्यांचा निषेध केला होता. लोकांना ही गोडी केवळ उपदेशाने सुटणार नाही हे ओळखून १६१२ मध्ये त्याने एक पद्यसंग्रह छापला व त्यात धार्मिक विषयांवरील रीमुरही घातले. शत्रूचेच शस्त्र हाती घ्यावे, अशी ती युक्ती होती. पण जुन्या कथांची ओढ तिने कमी झाली नाही.

पुढचा प्रयत्न राजसत्तेने केला. डेन्मार्कच्या राजाने आइसलँडमधील धर्म व शिक्षण यांची पाहणी करण्यासाठी लुद्विग हार्बो या धर्माधिकाऱ्यास पाठविले. १७४१ ते १७४५ या काळात योन थोर्केल्सॉन याच्यासह त्याने देशभर हिंडून धर्मगुरूंची व प्रजेची परीक्षा घेतली. या पाहणीतून एक गोष्ट उघड झाली : सर्वांना वाचता येत होते ही समजूत खरी नव्हती. अनेक घरांत वाचणारे एक-दोघेच होते आणि काहींत तेवढेही नव्हते. प्राचीन काळापासून संपूर्ण राष्ट्र साक्षर होते हा जो गौरवपूर्ण समज पुढे रूढ झाला, त्यास या पुराव्याने मुरड घालावी लागते. ऐकणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे हेच मोठ्याने वाचण्याच्या प्रथेचे एक मूळ कारण होते.

पाहणीचा परिणाम म्हणून १७४६ मध्ये महत्त्वाच्या राजाज्ञा निघाल्या. एका आज्ञेने धर्मगुरूंनी प्रत्येक घरास नियमित भेट देऊन मुलांचे वाचन व धर्मज्ञान तपासावे असे ठरविले. दुसरी गृहशिस्तीविषयी होती. तीत घरच्या धन्याने मुले व नोकर यांच्याकडून घरगुती उपासना करवून घ्यावी, आणि निरुपयोगी सागा, असंभाव्य कथा व रीमुर यांपासून त्यांना दूर ठेवावे, असे बजावले होते. पुढे १७९० मध्ये मुलांना कोणत्या वयात वाचावयास शिकविले पाहिजे, याचेही नियम झाले. शाळा नव्हत्या, म्हणून शिक्षणाचा भार घरावर, आणि घरात मुख्यतः आई-आजीवर पडला. धर्मगुरू तपासनीस होता, शिक्षक घरातलाच कोणी तरी होता, आणि वर्ग भरे तो बादस्तोवामध्येच.

या राजाज्ञांचे फलित त्यांच्या कर्त्यांना अपेक्षित नसलेले होते. अठरावे शतक संपेपर्यंत वाचता येणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि वाचन जवळजवळ सार्वत्रिक झाले. परंतु अक्षरओळख धर्मप्रश्नावलीपुरती बांधून ठेवता येत नाही. ज्या मुलास वीदालीनची प्रवचने वाचता आली, त्यास न्यालची सागाही वाचता आली. धर्मगुरूची भेट वर्षातून एक-दोनदा होई. उरलेल्या रात्री दिवा घरच्यांच्याच स्वाधीन असे. सागा बंद करण्यासाठी निघालेल्या आज्ञांनी सागांना नवे वाचक मिळवून दिले, असेच म्हणावे लागते.

अभ्यासकाने येथे साधनांच्या मर्यादेकडेही लक्ष दिले पाहिजे. धर्मगुरूंच्या नोंदवह्यांत प्रत्येकाची वाचनक्षमता आणि पुष्कळदा घरातील धर्मग्रंथांची यादीही आढळते. लौकिक ग्रंथ मात्र त्यांत सहसा येत नाहीत. या वह्यांवर विसंबून राहिल्यास घरोघर केवळ स्तोत्रेच वाचली जात होती असा समज होईल. लौकिक वाचनाचा पुरावा शोधावयाचा तो हस्तलिखितांत.

५. हस्तलिखितांची साक्ष

सोळाव्या शतकात देशात मुद्रणकला आली, परंतु मुद्रणालय बिशपपीठाच्या ताब्यात असल्यामुळे लौकिक कथा छापल्या जाणे दुर्मिळ होते. १७५६ मध्ये होलार येथे काही सागा छापल्या गेल्या आणि १७७३ मध्ये ह्राप्सेय या बेटावर धर्मपीठापासून स्वतंत्र असे मुद्रणालय निघाले. तरीसुद्धा सर्वसाधारण शेतकऱ्यास सागा मिळे ती हाताने उतरून घेतलेली. शेजारच्या वाडीवरून ग्रंथ उसना आणावा, हिवाळ्यात तो उतरावा आणि परत करावा, हा क्रम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, किंबहुना विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू होता. पश्चिम आइसलँडमधील माग्नुस योनसॉन (१८३५–१९२२) या शेतकऱ्याने आपल्या हाताने सागांचे वीस जाडजूड खंड लिहून काढले. मुद्रणाचा शोध लागून चार शतके उलटल्यावर युरोपात एक शेतकरी लेखणीने ग्रंथ वाढवीत होता, ही गोष्ट विलक्षण वाटते. परंतु ज्या श्रोत्यांसाठी तो लिहीत होता त्यांच्या दृष्टीने ती स्वाभाविक होती. एका प्रतीने एका घराचे, आणि उसनवारीने अनेक घरांचे काम भागत असे.

या संदर्भात आर्नी माग्नुसॉन (१६६३–१७३०) याच्या कार्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १७०२ ते १७१२ या काळात जमिनींच्या मोजदादीसाठी देशभर फिरताना त्याने चर्मपत्रांवरील प्राचीन हस्तलिखिते गोळा केली. त्यांपैकी काहींची स्थिती शोचनीय होती. कपड्याचा नमुना म्हणून कातरलेले हस्तलिखिताचे पानही उपलब्ध आहे. यावरून लोकांस जुन्या ग्रंथांची किंमत नव्हती असा निष्कर्ष काढणे मात्र बरोबर होणार नाही. जुन्या लिपीतील, संक्षेपचिन्हांनी भरलेले चर्मपत्र अंधुक दिव्याखाली वाचणे कठीण होते. त्यातील मजकूर कागदावर सुवाच्य अक्षरांत उतरविला गेला की लोकांच्या लेखी ग्रंथ सुरक्षित झाला. उरलेले कातडे इतर उपयोगास मोकळे झाले. ग्रंथ म्हणजे मोठ्याने वाचावयाचा मजकूर, ही त्या समाजाची धारणा होती. आर्नीस मूळ वस्तू हवी होती, शेतकऱ्यास तिच्यातील कथा. दोघांनीही आपापल्या परीने वाङ्मय राखले. १७२८ मध्ये कोपनहेगनला लागलेल्या आगीत आर्नीच्या संग्रहाचा, विशेषतः छापील ग्रंथांचा, काही भाग जळाला, तेव्हा ठिकठिकाणच्या घरांत विखुरलेल्या कागदी प्रतींचे मोल अधिकच जाणवले असेल.

सामूहिक श्रवणाची परंपरा मुळात किती प्राचीन, हा प्रश्न वादग्रस्त आहे. १११९ मध्ये रेक्याहोलार येथे झालेल्या एका विवाहसमारंभात सागा सांगितल्या गेल्याचा उल्लेख एका सागेत येतो. परंतु तो लिहिला गेला तो त्या प्रसंगानंतर बऱ्याच काळाने. हेर्मान पाउल्सॉन याने १९६२ च्या आपल्या ग्रंथात सागांचा उपयोग मुख्यतः श्रोत्यांच्या मनोरंजनासाठी वाचून दाखविण्याकडे होता, असे प्रतिपादिले आहे. मध्ययुगीन मेजवानीतील कथन आणि अठराव्या शतकातील लोकर विंचरतानाचे वाचन यांना एकच अखंड प्रथा मानावे की दोन वेगळ्या परिस्थितींतील दोन प्रथा, याचा निर्णय देणे अवघड आहे. इंधनाचा अभाव, एकाच खोलीत दाटलेले घर आणि निर्यातीसाठी विणकाम या तिन्ही गोष्टी उत्तरकालीन असल्यामुळे क्वोल्दवाकाचे ज्ञात रूप उत्तरकालीनच मानणे युक्त होय.

६. श्रोते कोण होते

१८६१ च्या सुमारास ऑगस्ट श्योट या डॅनिश चित्रकाराने बादस्तोवामधील वाचनाचे चित्र काढले. दिव्याजवळचा वाचक आणि भोवती कामात मग्न असलेली मंडळी हे त्यातील दृश्य आइसलँडच्या राष्ट्रीय स्मृतीत रुजले आहे. परंतु त्या खोलीत बसलेल्यांपैकी पुष्कळ जण तेथे स्वेच्छेने बसलेले नव्हते. ज्यास स्वतःची शेतवाडी नाही त्याने कोणत्या ना कोणत्या शेतकऱ्याच्या घरी वर्षाच्या कराराने चाकरी केलीच पाहिजे, असा त्या देशाचा कायदा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८६३ व १८९४ च्या कायद्यांनी, हे बंधन सैल होत गेले. गड्यास व मोलकरणीस विणण्याचे वा कातण्याचे ठरीव काम नेमून दिलेले असे आणि रात्र कितीही झाली तरी ते पुरे करावे लागे. त्यांच्या दृष्टीने वाचन हा कष्टांवरील उतारा होता, आणि त्याच वेळी ते कष्ट लांबविण्याचे साधनही होते.

ही बाजू लक्षात घेतल्याने प्रथेचे महत्त्व कमी होत नाही. युरोपातील इतर देशांत धनी आणि चाकर यांचे वाचन अनेकदा वेगळे असे; आइसलँडमध्ये दोघांनी एकच ग्रंथ, एकाच वेळी, एकाच आवाजात ऐकला. वाचक म्हणून धन्याचीच निवड होई असे नाही. ज्याचा आवाज चांगला, ज्यास अक्षर लागते, तो वाची. मग तो गडी असो वा घरातील मुलगी. रीमुर उत्तम म्हणणाऱ्या भटक्या माणसास हिवाळ्यात जेवण व निवारा मिळे. वाचनात मात्र स्त्रियांना स्थान असले, तरी लेखनात ते दीर्घकाळ मिळाले नाही. राजाज्ञांनी वाचन शिकविणे बंधनकारक केले होते, लेखन नव्हे. मुलांना लेखन व गणित शिकविण्याचा कायदा झाला तो १८८० मध्ये. त्यापूर्वीच्या अनेक पिढ्यांतील स्त्रियांनी मुलांना अक्षरे शिकविली, सागा वाचल्या, स्तोत्रे पाठ केली. पण त्यांच्या हातचे लिखाण फारसे मागे राहिलेले नाही.

७. प्रथेचा अस्त

एकोणिसाव्या शतकात रीमुरवर नव्या दिशेने टीका झाली. योनास हाल्ग्रीमसॉन या कवीने १८३७ मध्ये ‘फ्योल्निर’ या नियतकालिकात सिगुर्दुर ब्रेद्फ्योर्द (१७९८–१८४६) याच्या रीमुरवर कठोर परीक्षण लिहिले. ही टीका पापभीरुतेची नव्हती, सौंदर्यदृष्टीची होती. तथापि धर्मपीठास जे साधले नाही ते टीकाकारासही साधले नाही. सिगुर्दुरच्या रचना घरोघर म्हटल्या जातच राहिल्या.

प्रथेचा अस्त घडवून आणला तो सुबत्तेने. १८७० नंतर रॉकेलचे दिवे पसरले. उजेड वाढला आणि दिव्यापासून दूर बसलेल्यासही स्वतः वाचणे शक्य झाले. लाकडी व पुढे सिमेंटची घरे आली, चुली आल्या, आणि एका खोलीत दाटून राहण्याची गरज उरली नाही. सिगुर्दुर क्रिस्त्यानसॉन या रेक्याविकच्या प्रकाशकाने १८९१ पासून सागांची स्वस्त आवृत्ती काढली, त्यामुळे हस्तलिखित उतरून घेण्याचे कारण संपले. १९०७ च्या कायद्याने शालेय शिक्षण सक्तीचे झाले. यंत्रांनी लोकरीचे काम हातातून काढून घेतले, मासेमारीच्या गलबतांनी व नगरांनी माणसे शेतांवरून ओढून नेली. १८७० ते १९१४ या काळात सुमारे १५,००० लोक उत्तर अमेरिकेस गेले. अंधार, एक दिवा, एक खोली, एक ग्रंथ आणि हातांचे काम या पाचांच्या संयोगावर उभी असलेली व्यवस्था, त्यांपैकी एकेक गळताच मोडली.

२० डिसेंबर १९३० रोजी आइसलँडच्या राष्ट्रीय नभोवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले. पुन्हा एकदा घरची मंडळी एका आवाजाभोवती जमली. ‘क्वोल्दवाका’ या जुन्या नावाचाच कार्यक्रम नभोवाणीवर होऊ लागला आणि हाल्ग्रीमुर पेतुर्सॉनची स्तोत्रे उपवासकाळात १९४४ पासून दरवर्षी नभोवाणीवरून वाचली जाऊ लागली. परंतु या आवाजास मधेच थांबवून प्रश्न विचारता येत नव्हता. रीमुरच्या चाली नष्ट होतील या चिंतेने १९२९ मध्ये रेक्याविक येथे ‘इदुन’ हे मंडळ स्थापन झाले आणि त्याने १९३५-३६ मध्ये जुन्या जाणकारांचे पठण ध्वनिमुद्रित करून ठेवले. नाताळात ग्रंथ भेट देण्याची आइसलँडमधील प्रसिद्ध चाल ही या प्रथेचा थेट अवशेष म्हणून दाखविली जाते, ते मात्र बरोबर नाही. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इतर मालाच्या आयातीवर निर्बंध असताना व कागद त्यामानाने सुलभ असताना, वाढीस लागली; आणि तीत ग्रंथ दिला जातो तो प्रत्येकास वेगळा, एकट्याने वाचावयासाठी.

८. उपसंहार

आजचा आइसलँडी वाचक सात-आठशे वर्षांपूर्वीचे गद्य थोड्या प्रयासाने वाचू शकतो. याचे श्रेय केवळ क्वोल्दवाकास देणे योग्य होणार नाही. बेटाचे एकाकीपण, अल्प लोकसंख्या आणि एकोणिसाव्या शतकातील भाषाशुद्धीची चळवळ ही कारणेही तितकीच खरी आहेत. परंतु जुनी वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या कानांवर पडत राहिली, न समजलेला शब्द तेथल्या तेथे विचारला गेला आणि सांगितला गेला, हे या सातत्याचे घरगुती अंग होय. १९५५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना हाल्दोर लाक्स्नेस याने आपल्या आजीचे कृतज्ञतापूर्वक स्मरण केले. अक्षर ओळखण्यापूर्वीच तिने त्यास जुन्या कवितेच्या ओळी शिकविल्या होत्या. एका मोठ्या लेखकाच्या घडणीत शाळेआधी घराचा वाटा होता, याची ही साक्ष आहे.

२१ एप्रिल १९७१ रोजी डेन्मार्कने परत केलेली पहिली दोन प्राचीन हस्तलिखिते रेक्याविकच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा त्यांच्या स्वागतास मोठा जनसमुदाय लोटला होता. त्यांतील बहुतेकांनी ती चर्मपत्रे कधी पाहिली नव्हती. त्यांतील कथा मात्र त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या घरी वाचल्या गेल्या होत्या. रेक्याविकच्या राष्ट्रीय ग्रंथालयात कागदी प्रतींचा मोठा संग्रह आहे. त्यांच्या कडा झिजलेल्या, पाने हाताळून काळवंडलेली आणि अक्षर साधे शेतकऱ्याचे आहे. चर्मपत्रांनी ग्रंथ टिकविले असतील. त्यांची भाषा बोलती ठेवली ती या मळलेल्या प्रतींनी, आणि माशाच्या तेलाच्या दिव्याजवळ बसून त्या वाचणाऱ्या अनामिक माणसांनी. वाचनाच्या इतिहासात मुद्रणालय आणि शाळा यांच्याबरोबर या घराचीही नोंद व्हावयास हवी.